हा रस्ता कोणाचा? इंडियानातल्या कोलंबसचा नकाशा वाचताना

अमेरिकेत कोलंबस नावाची गावं पैशाला पासरी. सगळ्यांत मोठं ओहायो राज्यातलं, नऊ लाख वस्तीचं. तिकीट काढताना आधी तेच समोर येतं आणि नवखा माणूस फसतो. आपण बोलणार आहोत ते इंडियाना राज्यातल्या कोलंबसबद्दल. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती ५० हजारांच्या जराशी वर, आणि ते ज्या बार्थोलोम्यू काउंटीत, म्हणजे साधारण जिल्ह्यात, आहे तिची सगळी मिळून ८२ हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं.

तरी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात राहिलेल्या माणसाला हे नाव ठाऊक असतं, कारण कमिन्स. क्लेसी कमिन्स हे अर्विन घराण्याचे ड्रायव्हर आणि मेकॅनिक. बँकर विल्यम अर्विन यांनी त्यांच्यावर पैसा लावला आणि १९१९ साली या गावात डिझेल इंजिनांची कंपनी सुरू झाली. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली. पुढे कर्वेनगरचं मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज आलं, फलटणचे कारखाने आले. त्यामुळे कोलंबसला कामासाठी गेलेले, तिथेच स्थिरावलेले, आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात येणारे आई-बाबा अशी मराठी ये-जा तिथे बरीच वर्षं चालू आहे.

या सगळ्यांना एक गोंधळ हटकून पडतो. घराच्या पत्त्यावर कोलंबस लिहिलेलं असतं, पण शहराच्या निवडणुकीत त्या घराला मत नसतं. घरासमोरचा बर्फ एका खात्याचा ट्रक काढतो आणि दोनशे पावलांवरच्या चौकातला दुसऱ्याच खात्याचा. शाळा एका संस्थेची, वीज दुसऱ्याच सहकारी संस्थेची, आणि कराची पावती मात्र सगळ्यांची मिळून एकच. इथली व्यवस्था समजून घ्यायची तर सुरुवात महापौरांपासून करू नये. हा रस्ता कोणाचा, एवढं विचारत जावं. त्यातून काउंटी, टाउनशिप, राज्य, केंद्र सगळं आपोआप उलगडतं.

आधी रेघा, मग माणसं

आपल्याकडे गाव आधी, पायवाट नंतर, आणि मोजणी सगळ्यांत शेवटी. मिडवेस्टमध्ये, म्हणजे ओहायो-इंडियानाच्या या मध्य-पश्चिम पट्ट्यात, क्रम उलटा आहे. नव्या अमेरिकी सरकारकडे पैसा नव्हता, पण ओहायो नदीच्या वायव्येला अफाट जमीन होती. ती विकायची तर आधी मोजायला हवी, म्हणून १७८५ साली कायदा झाला. जमिनीचे सहा मैल बाय सहा मैल असे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला म्हणायचं टाउनशिप. टाउनशिपचे पुन्हा एक-एक मैलाचे ३६ तुकडे, प्रत्येकाला म्हणायचं सेक्शन. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर. सोळा नंबरचं सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवायचं.

डोंगर आहे की दलदल, याचा विचार रेघा मारताना केला नाही. आणि ही जमीन रिकामी होती असंही नाही. बार्थोलोम्यू काउंटी ज्या पट्ट्यात येते तो पट्टा १८१८ च्या सेंट मेरीजच्या तहांनी डेलावेअर, मायामी आणि इतर मूळ रहिवासी लोकांकडून घेतला गेला. तीन वर्षांत, म्हणजे १८२१ साली, काउंटी स्थापन झालीसुद्धा. त्या वेळी सरकारी जमिनीचा किमान भाव होता एकरी सव्वा डॉलर.

ही मोजणी इतिहासात जमा झालेली नाही. आजही जमिनीच्या खरेदीखतात ‘अमुक सेक्शनच्या वायव्य चतुर्थांशाचा आग्नेय चतुर्थांश, टाउनशिप ९ उत्तर, रेंज ५ पूर्व’ अशा धाटणीची भाषा सापडते. यातला ९ आणि ५ हे इंडियानाच्या दक्षिण भागात, ऑरेंज काउंटीतल्या जंगलात असलेल्या एका ठरावीक बिंदूपासून मोजलेले. तिथून उत्तरेला नववा चौकोन, पूर्वेला पाचवा. साधारण कोलंबसच आलं.

सेक्शनच्या कडा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि बांधावरून रस्ता काढणं सगळ्यांत सोयीचं, कारण कुणाचंच शेत मधोमध कापावं लागत नाही. म्हणून विमानातून बघितलं तर खालचा मुलूख आलेखाच्या कागदासारखा दिसतो, दर मैलाला एक रस्ता. काउंटीच्या पश्चिमेला ब्राउन काउंटीकडे टेकड्या सुरू होतात, तिथे हा कागद चुरगळतो.

मधूनच एखादा नाकासमोर जाणारा रस्ता काहीही कारण नसताना काटकोनात डावीकडे वळतो, थोडं जाऊन पुन्हा उजवीकडे, आणि पुढे सरळ. नवख्याला वाटतं, कुणा शेतकऱ्याने जागा सोडली नसेल. बहुतेक वेळा कारण पृथ्वीच्या गोलाईत असतं. उत्तरेकडे जाणाऱ्या रेघा एकमेकींच्या जवळ येत जातात, मग चौकोन लहान होऊ नयेत म्हणून मोजणीदारांनी ठरावीक अंतरावर रेघा सरकवून घेतल्या. रस्ते मुकाट्याने त्यांच्यामागे गेले. रात्री अशा वळणावर गाडी थेट मक्यात जाऊ शकते, तेव्हा पिवळी पाटी दिसली की वेग कमी केलेला बरा. जुलै-ऑगस्टमध्ये तर मका पुरुषभर वाढतो आणि चौकात आडवा येणारा रस्ता दिसतच नाही.

पत्ता म्हणजे नुसते आकडे

शहराबाहेर गेलात की रस्त्यांना नावं नसतात, आकडे असतात. पाटीवर लिहिलेलं असतं ‘वेस्ट ४५० साउथ’. एकाच पाटीवर दोन दिशा बघून माणूस बुचकळ्यात पडतो, पण हिशेब सोपा आहे.

काउंटीत दोन शून्य-रेषा कल्पिलेल्या असतात, एक पूर्व-पश्चिम आणि एक उत्तर-दक्षिण. शंभर म्हणजे एक मैल. ‘४५० साउथ’ हे रस्त्याचं नाव: शून्य-रेषेच्या दक्षिणेला साडेचार मैलांवरून पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता. आधीचा ‘वेस्ट’ सांगतो की त्या रस्त्याच्या पश्चिमेकडच्या भागावर तुम्ही उभे आहात.

घराचा नंबर मात्र मैलाला हजार या हिशेबाने चालतो. समजा पत्ता आहे ‘६५०० नॉर्थ ३०० वेस्ट’. म्हणजे ३०० वेस्ट या रस्त्यावर, तीन मैल पश्चिमेला. आणि शून्य-रेषेपासून साडेसहा मैल उत्तरेला. नकाशा न उघडता, फोनची रेंज गेलेली असताना, माणूस घर शोधू शकतो. ॲम्ब्युलन्सला किंवा अग्निशमनाच्या गाडीला याचा किती उपयोग होत असेल ते सांगायला नको. ‘मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीसमोर’ या पद्धतीत जी गोडी आहे ती इथे नाही, हे कबूल. पण रात्री दोन वाजता मला आकडेच हवेत.

अशा पत्त्याखाली पोस्टाने ‘कोलंबस’ लिहिलेलं असतं, त्यावरून फसू नये. पोस्टाचं कोलंबस म्हणजे कोलंबसच्या पोस्टातून जिथे टपाल वाटलं जातं तो सगळा भाग. महापालिकेची हद्द त्याहून बरीच लहान आणि वेडीवाकडी, कारण शहर आजूबाजूची जमीन तुकड्यातुकड्याने आपल्यात सामील करून घेत आलं आहे. घर घेताना इस्टेट एजंटला पहिला प्रश्न हाच विचारावा: हद्दीच्या आत की बाहेर? बाहेर असेल तर सांडपाण्याच्या नळाऐवजी सेप्टिक टाकी असू शकते, पाणी विहिरीचं असू शकतं, आणि वीज शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात खेड्यांपर्यंत वीज यावी म्हणून उभ्या केलेल्या सहकारी संस्थांच्या पद्धतीने मिळू शकते. बार्थोलोम्यू काउंटीत तशी संस्था आजही आहे, आणि वीज घेणारा तिचा सभासद असतो.

शाळांचं गणित आणखी वेगळं. शहर आणि काउंटीचा बहुतेक भाग मिळून एक शाळा-संस्था, तर पूर्वेकडच्या होप गावाच्या परिसराची दुसरी. या संस्थांच्या सीमा शहराच्या सीमेशी जुळत नाहीत आणि त्यांची निवडून आलेली मंडळं महापौरांना बांधील नाहीत.

कलेक्टर नाही, पण शेरीफ आहे

काउंटीला आपण सहज जिल्हा म्हणून मोकळे होतो. आकाराने ठीक, कारभाराने नाही. जिल्हाधिकारी वरून नेमला जातो. काउंटीत वरून नेमलेला असा कुणी साहेबच नाही. इंडियानात ९२ काउंट्या आहेत आणि जवळजवळ सगळ्यांत कारभार तीन निवडून आलेल्या कमिशनरांकडे असतो. पैशाच्या मंजुरीसाठी सात जणांची वेगळी काउंटी कौन्सिल, तीही निवडून आलेली. कमिशनरांनी रस्ता ठरवायचा आणि कौन्सिलने पैसे द्यायचे की नाही ते बघायचं. दोघांचं पटलं नाही तर रस्ता तसाच राहतो.

एवढ्यावर थांबत नाही. काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, म्हणजे शेरीफ, निवडून येतो. खरेदीखतं नोंदवणारा रेकॉर्डर निवडून येतो. मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसर, कर गोळा करणारा ट्रेझरर, हिशेब बघणारा ऑडिटर, मोजणी बघणारा सर्व्हेअर, न्यायालयाचा क्लार्क, सरकारी वकील, सगळे निवडून आलेले. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कोरोनरसुद्धा मतपत्रिकेवर असतो, आणि इंडियानात तो डॉक्टर असायलाच हवा असंही नाही. त्याच्याकडे एक मजेदार अधिकार आहे: शेरीफलाच अटक करायची वेळ आली तर वॉरंट बजावायचं काम कोरोनरचं.

मला ही पद्धत थोडी अति वाटते. सर्व्हेअरच्या पदाला कोण लायक आहे हे मतदाराने कशावरून ठरवायचं? बहुतेक लोक पक्ष बघून शिक्का मारतात. पण दुसरी बाजूही आहे. खरेदीखताची नक्कल हवी असेल तर माणूस थेट रेकॉर्डरच्या खिडकीवर जातो, आणि खिडकीमागच्या खात्याला दर चार वर्षांनी मतं मागावी लागतात, हे खात्याच्या लक्षात असतं.

काउंटीच्या खाली टाउनशिप. मोजणीतल्या चौकोनाचंच नाव, पण इथे तो कारभाराचा सगळ्यांत लहान घटक. बार्थोलोम्यू काउंटीत अशा १२ टाउनशिपा. प्रत्येकीचा निवडून आलेला ट्रस्टी असतो. गरजूला तातडीने घरभाडं किंवा विजेचं बिल भरायला मदत, शहराबाहेरच्या आगीचा बंदोबस्त, जुन्या दफनभूमींची निगा, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतलं कुंपणाचं भांडण ही त्याची कामं. पदाची गरज उरली आहे का, यावर इंडियानात वर्षानुवर्षं वाद चालू आहे.

हे सगळं एका कागदावर बघायचं असेल तर मालमत्ता कराचं बिल उघडावं. ते काउंटीच्या ट्रेझररकडून येतं, वर्षातून दोन हप्ते, १० मे आणि १० नोव्हेंबर. त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं: एवढे काउंटीचे, एवढे टाउनशिपचे, एवढे शहराचे, एवढे शाळेचे, एवढे वाचनालयाचे. हद्दीबाहेरच्या घराच्या बिलात शहराची ओळच नसते. राहत्या घरावरचा कर त्याच्या मूल्याच्या एक टक्क्यापेक्षा जास्त होऊ नये, भाड्याच्या घरांना आणि शेतजमिनीला दोन टक्के, दुकान-कारखान्यांना तीन टक्के, अशी वरची मर्यादा २०१० साली मतदारांनी राज्यघटनेतच घालून ठेवली.

उत्पन्नावर काउंटीचा वेगळा कर आहे आणि त्यात एक गोम आहे. १ जानेवारीला तुम्ही ज्या काउंटीत राहत होता तिचाच दर वर्षभर लागतो. इंडियानापोलिसहून फेब्रुवारीत कोलंबसला घर हलवलंत तरी त्या वर्षी जुन्याच काउंटीचा दर.

ढालींची भाषा

आता मोठे रस्ते. त्यांची मालकी पाटीच्या आकारावरून कळते.

लाल-निळी ढाल म्हणजे इंटरस्टेट, राज्याराज्यांना जोडणारा वेगवान महामार्ग. कोलंबसच्या पश्चिमेकडून जातो तो आय-६५, अलाबामातल्या मोबीलपासून मिशिगन सरोवराकाठच्या गॅरीपर्यंत, ८८७ मैल. १९५६ च्या कायद्याने या जाळ्याच्या बांधणीचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला, पण रस्ता मालकीचा राज्याचाच. विषम आकडे उत्तर-दक्षिण, सम आकडे पूर्व-पश्चिम. विषम आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात.

काळ्या चौकोनात पांढरी ढाल म्हणजे यू. एस. हायवे, १९२६ ची जुनी व्यवस्था. कोलंबसमधून जातो तो यू. एस. ३१. इथेही विषम म्हणजे उत्तर-दक्षिण, पण आकडे उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. आय-६५ होण्याआधी इंडियानापोलिस ते लुईव्हिलची सगळी वाहतूक याच रस्त्याने जायची. शहरात त्याला नॅशनल रोड म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकातला प्रसिद्ध नॅशनल रोड तो हा नव्हे, तो उत्तरेला इंडियानापोलिसमधून जातो.

पांढऱ्या चौकोनावर इंडियानाचं नाव आणि काळा आकडा म्हणजे राज्य रस्ता. ४६ नंबरचा पश्चिमेला ब्लूमिंग्टनकडे आणि पूर्वेला ग्रीन्सबर्गकडे, ७ नंबरचा आग्नेयेला मॅडिसनकडे, ११ नंबरचा दक्षिणेला सिमोरकडे, ९ नंबरचा होपवरून उत्तरेला. या सगळ्यांची निगा राज्याचं वाहतूक खातं राखतं. कोलंबस त्याच्या सिमोर विभागात येतं. ४६ वरच्या खड्ड्यासाठी महापालिकेला कितीही फोन केले तरी ते नम्रपणे राज्याचा नंबर देणार.

इंटरस्टेटवर बाहेर पडायच्या वाटांना नंबर असतात आणि ते मैलांवरून येतात. मोजणी राज्याच्या दक्षिण टोकापासून, म्हणजे इथे ओहायो नदीपासून. कोलंबसची मुख्य वाट ६८, म्हणजे नदीपासून ६८ मैल. पुढची ७६, म्हणजे आठ मैल उत्तरेला. या ७६ वर एडिनबर्गचा आउटलेट मॉल आहे, आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेण्याची प्रथा मोडायची कुणाची हिंमत नाही. एडिनबर्ग हे गाव तीन काउंट्यांत विभागलेलं आहे. विक्रीकर मात्र राज्यभर सात टक्केच, त्यामुळे खरेदीला फरक पडत नाही.

वाटेत गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेची छोटी हिरवी पाटी शोधावी. त्यावर मैलाचा आकडा असतो. ‘आय-६५, उत्तरेकडे, मैल ७१’ एवढं सांगितलं की मदत येते.

तीन मैलांत सगळे मालक

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं तर ६८ नंबरच्या वाटेने बाहेर पडून कोर्टहाउसपर्यंत जावं. तीनेक मैलांचा रस्ता आहे.

सुरुवातीलाच इंटरस्टेटवरून जाणाऱ्या पुलाच्या दोन लाल कमानी दिसतात. १९९७ च्या. हायवेच्या चौकाला इतकं देखणं कुणी करत नाही. इथे केलं, कारण हे शहराचं पुढचं दार आहे असं गावाने ठरवलं आणि राज्याच्या मागे लागून करून घेतलं. पश्चिमेला टिप्टन लेक्सची वसाहत, पूर्वेला शहर. पूर्वेला वळलं की हॉटेलं, पेट्रोल पंप, दुकानं. रस्ता राज्याचा ४६, पण दुकानांच्या पत्त्यात तो जोनाथन मूर पाइक. पुढे नदी ओलांडली की याच रस्त्याला ‘सेकंड स्ट्रीट’ आणि ‘थर्ड स्ट्रीट’ अशी शहरी नावं मिळतात, एक येणारा, एक जाणारा. नाव शहराचं, डांबर राज्याचं. सिग्नल बसवायचा किंवा वेगमर्यादा बदलायची तर राज्याची मान्यता हवी.

दुकानं संपल्यावर एकदम मोकळी सखल जमीन लागते. शहराच्या इतक्या जवळ एवढी जागा रिकामी का, असं वाटतं. ती पुराची जमीन. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या इथे कोर्टहाउसपासून हाकेच्या अंतरावर मिळतात आणि पुढे व्हाइट नदीची पूर्व शाखा बनून जातात. घात मात्र एका ओढ्याने केला. ७ जून २००८ ला शहराच्या पूर्वेकडचा हॉ क्रीक इतका फुगला की काउंटीच्या मालकीच्या रुग्णालयाचं तळघर भरलं. यंत्रणा तळघरात. दीडशेहून जास्त रुग्ण हलवावे लागले आणि रुग्णालय काही महिने बंद राहिलं.

नदीच्या अलीकडे रूळ. इंडियानातली पहिली रेल्वे मॅडिसनहून निघून १८४४ साली कोलंबसला पोहोचली होती. आज लुईव्हिल ते इंडियानापोलिस मालगाड्या जातात. गेल्या दशकात सीएसएक्स या मोठ्या कंपनीने या मार्गावर पैसा घालून रूळ सुधारले, गाड्या लांब झाल्या, वाढल्या, आणि शहराचं पुढचं दार दिवसातून कितीतरी वेळा फाटकाने बंद होऊ लागलं. बरं, रेल्वेला दंड करावा तर तेही जमत नाही. फाटक अडवून ठेवणाऱ्या गाडीला दंड करणारा इंडियानाचा जुना कायदा होता; २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेल्वेवर अधिकार केंद्राचा, तुमचा कायदा इथे लागू नाही. शेवटी राज्य आणि स्थानिक वाटेकऱ्यांनी मिळून रुळांवरून उड्डाणपूल बांधला. रस्ता राज्याचा, रूळ खासगी कंपनीचे, कायदा केंद्राचा, आणि खोळंबा कोलंबसकरांचा. तोडगा निघायला वर्षं गेली यात नवल नाही.

मग तारांचा पूल, १९९९ चा, आणि समोर १८७४ च्या काउंटी कोर्टहाउसचा मनोरा.

गाव आणि रस्ता यांचं हे नातं सुरू झालं ते एका रागाच्या गोष्टीतून, असं गावातले लोक हौसेने सांगतात. जनरल जॉन टिप्टन यांनी १८२० साली इथे जमीन घेतली. वसाहतीला त्यांच्यावरून टिप्टोना म्हणत. २० मार्च १८२१ ला नाव बदलून कोलंबस केलं गेलं. टिप्टन दुखावले. पुढे इंडियानापोलिसहून दक्षिणेला जाणारा रस्ता आखायचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी तो कोलंबसला वळसा घालून नेला. अमेरिकेतला पहिला बायपास, असं गमतीने म्हणतात. गोष्ट तिखट-मीठ लावलेली असेल. हेच टिप्टन पुढे सिनेटर झाले आणि १८३८ साली पोटावाटोमी लोकांना बंदुकीच्या धाकाने इंडियानाबाहेर हाकलणाऱ्या तुकडीचे प्रमुखही तेच होते. त्या वाटेवर इतकी माणसं दगावली की तिला मृत्यूची वाट म्हणतात. बायपासच्या विनोदासोबत हेही सांगायला हवं.

बर्फ पडला की

हिवाळ्यात मालकीचा हा सगळा खेळ उघडा पडतो. आय-६५ आणि ४६ राज्याचे ट्रक साफ करतात, गल्ल्या शहराचे, मैला-मैलाचे रस्ते काउंटीचे. म्हणून हायवे काळाभोर कोरडा आणि घराकडचं वळण घेतलं की चाक घसरतंय, असं होतं. इंडियानात प्रत्येक काउंटी प्रवासाची पातळी जाहीर करते. पिवळी म्हणजे जपून जा. नारिंगी म्हणजे गरजेशिवाय निघू नका. लाल म्हणजे आपत्कालीन सेवांशिवाय कुणीही रस्त्यावर यायचं नाही. शेजारची काउंटी पिवळी आणि तुमची लाल असं होऊ शकतं, आणि मग ऑफिसला न जाण्यासाठी यापेक्षा भक्कम कारण नाही.

पोलिसांचंही तसंच. इंटरस्टेटवर बहुधा राज्य पोलीस, शहरात शहर पोलीस, बाहेर शेरीफची माणसं. अधिकार एकमेकांच्या हद्दीत चालतात, पण अपघाताचा अहवाल तिथे आलेलं खातं लिहितं. विम्यासाठी हे लक्षात ठेवावं.

नकाशात न बसणारा मालक

एक मालक राहिला, जो सरकारी नाही. युद्धानंतर मुलं वाढली, घाईघाईने सुमार शाळा बांधल्या जाऊ लागल्या, तेव्हा कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी १९५० च्या दशकात कंपनीच्या फाउंडेशनतर्फे शाळा मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला: आम्ही दिलेल्या यादीतला वास्तुविशारद निवडा, त्याची फी आम्ही भरू. बांधकामाचा खर्च मात्र तुमचा. पहिली शाळा हॅरी वीस यांची, १९५७. मग ही सवय शाळांपुरती राहिली नाही. रॉबर्ट व्हेंच्युरी यांचं अग्निशमन केंद्र, आय. एम. पेई यांचं १९६९ चं वाचनालय आणि त्याच्यासमोर हेन्री मूर यांची काशाची कमान, काउंटीचा तुरुंगसुद्धा नामवंताकडून. पन्नास हजारांच्या गावात सात राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहेत.

हा उदारपणा खराच होता. पण एका कंपनीच्या पैशावर गावाची अभिरुची ठरत होती, हेही खरं. आणि यादीतला वास्तुविशारद निवडला की पुढची शंभर वर्षं त्या इमारतीची डागडुजी करदात्याकडे. सपाट छपरं आणि इंडियानाचा पाऊस यांचं फारसं जमत नाही.

याचं सगळ्यांत ताजं उदाहरण नॉर्थ ख्रिश्चन चर्चचं. इरो सारिनेन यांची ही षट्कोनी इमारत १९६४ साली पूर्ण झाली, १९२ फुटांचा सुईसारखा मनोरा. ते फाउंडेशनचं काम नव्हतं, चर्चच्या मंडळींचं स्वतःचं होतं. सभासद घटत गेले आणि २०२२ मध्ये मंडळी विसर्जित झाली. आता ती इमारत काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयाकडे आहे. म्हणजे तिच्याबद्दल काही विचारायचं असेल तर ना महापौरांकडे जायचं, ना कमिशनरांकडे. कराच्या बिलावर स्वतंत्र ओळ असलेल्या वाचनालयाच्या मंडळाच्या सभेला जायचं. सभा सगळ्यांना खुली असते.